मास्तरांचा निकाल

दहावीचा निकाल लागला की शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागतो. पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो मोठा, संस्थेच्या अध्यक्षांचा त्याहून मोठा. शाळेचा स्वतःचाही एक निकाल लागत असतो, पण त्याचा फ्लेक्स मी आजवर कुठे पाहिलेला नाही. तो शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्या कार्यालयातून खाकी पाकिटात येतो. शाळेचे कारकून भाऊसाहेब आवक रजिस्टरला त्याची नोंद करतात, मुख्याध्यापक दार ओढून घेऊन तो वाचतात आणि मग शिपायाला चहा सांगतात. किती कप, ते सांगावे लागत नाही. निकाल बरा असेल तर सगळ्या स्टाफरूमला, नसेल तर एकट्यालाच. शिपायाला ते चेहऱ्यावरून कळते.

माझी सारी नोकरी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित शाळेत गेली आणि तेवढ्या काळात माझे एक मत पक्के झाले. वर्षभर आम्ही मुलांना जे जे करू नका म्हणून बजावतो, ते ते सगळे वार्षिक तपासणीच्या आठवड्यात आम्ही स्वतः करतो. आदल्या रात्रीचा अभ्यास, शेजाऱ्याच्या वहीत डोकावणे, 'गेल्या वर्षी काय विचारलं होतं?' अशी चौकशी, परीक्षक कडक आहे की मऊ ह्याच्या अफवा, झालेच तर मारुतीला नारळ. एरवी 'वाचून आला नाहीस तर बाहेर उभा राहा' म्हणणारे पर्यवेक्षक त्या आठवड्यात ज्या शाळेची तपासणी उरकली आहे तिथे फोन लावून पेपर फोडायच्या उद्योगात असतात. "साहेब काय बघतात हो? कॅटलॉग? सेवापुस्तकं? डेड स्टॉक?"

डेड स्टॉक हा शब्द ऐकला की आमच्याकडे धावपळ उडे. रजिस्टरला नकाशे चौदा आणि भिंतीवर, कपाटावर, कपाटामागे मिळून अकरा. त्यातला एक सोव्हिएत युनियनचा. साहेबांनी मागे एकदा त्यावर बोट ठेवले, तेव्हा भूगोलाच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तो देश १९९१ सालीच मोडला. पण आपल्याकडून त्याचं निर्लेखन अजून मंजूर व्हायचंय."

खरी कसोटी असते ती टाचणाची. उद्या वर्गात काय शिकवायचे, कसे शिकवायचे, कोणते साधन वापरायचे हे शिक्षकाने आदल्या दिवशी लिहून काढावे, अशी त्यामागची कल्पना. कल्पना उत्तम आहे. फक्त जूनपासूनचे टाचण सहसा जानेवारीतल्या एका रात्रीत लिहिले जाते, आणि त्यालाही कसब लागते. आमचे इतिहासाचे सर ह्या कामाला तीन पेने घेऊन बसत. एक निळे, एक काळे आणि एक मुद्दाम राखून ठेवलेले, अडखळत उमटणारे. दर आठवड्याला पेन बदलायचे. जुलैच्या पानांवर पावसाळा दिसावा म्हणून बोट ओले करून एखादी ओळ फिसकटवायची. दिवाळीनंतर अक्षर जरा ताजेतवाने काढायचे. एवढे सगळे सांभाळून एकदा ते पंधरा ऑगस्टला सातवी 'ब'मध्ये 'मराठ्यांचा स्वातंत्र्यसंग्राम' शिकवून गेले. साहेबांनी नेमके तेच पान उघडले. साहेबही कधीकाळी मास्तर होते. सुट्ट्यांची यादी शेजारी ठेवून टाचण तपासायचे हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

"सर, झेंडावंदनानंतर तास घेतलात?"

"हो साहेब. मुलं सोडेचनात."

साहेबांनी वर पाहिले, खाली पाहिले आणि सही केली. मी परीक्षक असतो तर ह्या उत्तराला पैकीच्या पैकी दिले असते.

मुख्याध्यापकांनी वर्गावर जाऊन पाठ पाहावेत आणि निरीक्षणे लॉगबुकात लिहावीत, असाही नियम आहे. आमच्या एका मुख्याध्यापकांची नजर इतकी तेज की केबिनमधून न उठता त्यांना वरच्या मजल्यावरचे फलकलेखन दिसायचे. 'फलकलेखन सुवाच्य. आवाज स्पष्ट. विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवावा.' मराठीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या त्या महिन्यातही त्यांचा आवाज स्पष्ट असल्याची नोंद आहे. पोषण आहाराच्या चव नोंदवहीचे तेच. खिचडी मुलांना वाढण्याआधी एका शिक्षकाने चाखून शेरा लिहायचा. त्या वहीत 'उत्तम'खेरीज दुसरा शब्द उमटलेला मी पाहिला नाही. तांदूळच आला नव्हता त्या आठवड्यातसुद्धा चव उत्तम होती.

एका वर्षी तपासणीच्या तोंडावर तक्रारपेटी उघडायची ठरली. किल्ली सापडेना, म्हणून कुलूप फोडले. आत बिस्किटाचा कागद आणि एकच चिठ्ठी: 'पाण्याच्या टाकीचा दुसरा नळ गळतो.' खाली नाव, इयत्ता आठवी 'अ'. नाव ओळखीचे वाटले. तो मुलगा एव्हाना गावात नळजोडणीची कामे घेत होता. त्यालाच फोन करून बोलावले. त्याने नळ बसवला, बिल दिले आणि विचारले, "सर, तक्रारीची दखल घेतली असं लिहून देताय का? पेटीवर माझा विश्वास बसंल."

ही परंपरा आमची नव्हे, फार जुनी आहे. राजकोटच्या हायस्कुलात जाइल्स नावाचे इन्स्पेक्टर तपासणीला आले होते. त्यांनी मुलांना पाच इंग्रजी शब्द लिहायला सांगितले, त्यातला 'केटल' एकाचा चुकला. मास्तरांच्या ते लक्षात आले. त्यांनी बुटाच्या टोकाने त्या मुलाला खुणावले की शेजारच्या पाटीवर बघ. मुलाच्या डोक्यात ते शिरेचना, कारण त्याची समजूत अशी की कॉपी होऊ नये म्हणून तर मास्तर तिथे उभे आहेत. बाकी सगळ्या वर्गाचे पाचही शब्द बरोबर आले आणि हा एकटा चुकला. पुढे मोहनदास करमचंद गांधींनी आत्मकथेत हा प्रसंग लिहिला आणि तेव्हापासून आपण त्यातून सचोटीचा धडा घेत आलो आहोत. मास्तर म्हणून मला मात्र त्या मास्तरांची कणव येते. शंभर टक्के निकाल हातातोंडाशी आलेला, साहेब समोर उभे, बूट पुढे करून झालेला, आणि पोरगे ढिम्म. हे पोरगे पुढे कोण होणार आहे, हे त्यांना कुणी सांगितलेले नव्हते. त्या संध्याकाळी घरी जाऊन ते बायकोला काय म्हणाले असतील, ह्याची मला पुरती कल्पना आहे.

शिवाय त्या काळी तपासणीत नुसती अब्रू नव्हे, पैसाही अडकलेला असे. १८६२ साली इंग्लंडात ठरले की मूल इन्स्पेक्टरपुढे वाचन, लेखन आणि गणितात पास झाले तर त्याच्यापोटी शाळेला अनुदान मिळेल. हीच निकालावर अनुदान देण्याची पद्धत मुंबई इलाख्यातही आली. परिणाम व्हायचा तो झाला. मुलांनी वाचनपुस्तके तोंडपाठ केली. पुस्तक समोर धरले की पोरे धडाधड वाचू लागत. धडा बदलला की वाचा बसे. लोक तक्रार करतात की हल्ली शाळा मार्कांच्या मागे लागल्या. हल्ली म्हणजे दीडशे वर्षे.

महात्मा फुल्यांना हा सगळा कारभार आतून ठाऊक होता. १८८२ साली हंटर आयोगाला त्यांनी जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळांच्या तपासणीवरही टीका आहे. डेप्युटी इन्स्पेक्टरने वर्षातून एकदा येऊन जाण्याने फारसे काही साधत नाही, निदान दर तिमाहीला तपासणी व्हावी आणि एरवीही आगाऊ न कळवता शाळेत जावे, असे त्यांचे म्हणणे. स्वतः शाळा काढून चालवलेला माणूस बोलत होता. दोनच शब्दांत त्यांनी दुखणे पकडले: न कळवता. खेडोपाडी ज्याला लोक दिपोटी म्हणत, तो दिपोटी गेला, बैलगाडी गेली, बोलेरो आली. अचानक भेटीही आता होतात. फक्त त्या अचानक होणार आहेत हे मुख्याध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधी कळते. 'पांढरी गाडी, तुमच्या रोखाने, दोन साहेब, एक मॅडम.' खाली अकरा जणांचे जोडलेले हात.

न कळवता नव्हे, पण पळवाट न ठेवता झालेली एक तपासणी मात्र मी पाहिली. २०११ च्या ऑक्टोबरातली पटपडताळणी. राज्यभर एकाच वेळी मोजणी, आणि एका शाळेत मोजलेले मूल दुसऱ्या शाळेत पुन्हा मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना निवडणुकीतली शाई. पटावर असलेली लाखो मुले बाकावर सापडली नाहीत, हे पुढे जाहीर झाले. आमची पाचवीची पोरे मात्र खुशीत होती. आठवडाभर ती बोट वर करून गावभर हिंडली. एकाच्या आजीने त्याला विचारले, "कुणाला दिलंस रं मत?"

तर तपासणीचा दिवस. साहेब येतात. शाल, श्रीफळ, 'बुके नको बुक द्या' ह्या आदेशाचे पालन म्हणून एक चरित्र. साहेबांच्या घरी त्या चरित्राच्या किती प्रती झाल्या असतील देव जाणे. मग पोहे. ह्या पोह्यांविषयी कुणी लिहीत नाही. विस्तार अधिकाऱ्यांची बरीच पदे रिकामी, उरलेल्यांकडे दुसऱ्या बीटचाही भार, दिवसाला दोन-दोन शाळा, प्रत्येक शाळेत काजू घातलेले पोहे, आणि साहेबांना शुगर. 'घेत नाही' म्हटले तर स्टाफरूममध्ये घबराट पसरते, की साहेब नाराज आहेत. म्हणून ते घेतात. जेवणातले गुलाबजामही घेतात. त्यांच्यावरही वरच्या साहेबांचे प्रपत्र असते, त्याच्याही चार प्रती असतात. समोरासमोर बसलेले दोन परीक्षार्थी, एवढेच आमचे नाते.

मग वर्ग. त्या दिवशी आमच्या विज्ञानाच्या सरांनी कमाल केली होती. भिंतीला तक्ते, टेबलावर मोटर लावलेले प्रतिरूप, प्रोजेक्टर सुरू, मुलांचे सहा गट पाडलेले, प्रत्येक गटाला फुलाचे नाव. हे सर एरवी एक खडू आणि स्वतःचा आवाज एवढ्यावर तास घेतात, आणि झकास घेतात. त्या दिवशी जास्वंद गट काय करतोय हे मोगरा गटाला कळेना, मोटर फिरली की प्रोजेक्टर बंद पडे. साहेब मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी शेजारच्या मुलाला हळूच विचारले, "काय रे, रोज असंच शिकवतात का?"

"नाही सर," तो म्हणाला. "रोज कळतं."

साहेब मोठ्याने हसले. पण प्रपत्रात तक्ते, प्रतिरूप, प्रोजेक्टर आणि गटकार्य ह्यांना चौकटी होत्या, त्या चारही चौकटींत बरोबरची खूण पडली. मुलाच्या उत्तराला चौकट नव्हती.

पुढे कुणाला तरी वाटले, की परीक्षार्थ्यालाच पेपर तपासायला द्यावा. २०१५ च्या अखेरीस केंद्राची 'शाळासिद्धी' आली. सात क्षेत्रे, शेहेचाळीस मानके, प्रत्येकाला तीन स्तर, आणि शाळेने आपले मूल्यमापन आपणच करायचे. ज्या मास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणाला निबंधाला दहापैकी साडेसहाच्या वर गुण दिले नाहीत, ते एका दुपारी कमालीचे उदार झाले. पण मुख्याध्यापक जुने जाणते होते. ते म्हणाले, सगळीकडे तिसरा स्तर भरला तर बाहेरची टीम बघायला येईल, आणि पहिला भरला तर खुलासा मागतील. दोन तास बैठक चालली. शेवटी ठरले की आपण विनयाने 'अ' श्रेणीत यावे. त्याकरिता मैदानाला दोन गुण कमी दिले. मैदान बोलत नाही.

आता स्वमूल्यमापनाचा नवा अवतार म्हणजे 'स्क्वाफ'. १२८ मानके. ह्यात नुसते म्हणून चालत नाही, पुरावा जोडावा लागतो, म्हणजे फोटो काढून त्याची लिंक द्यायची. ह्या कामामुळे आमच्या शाळेतला हात धुण्याचा कार्यक्रम अमर झाला. समोरून काढला की स्वच्छता, बाजूने काढला की आरोग्य, मुली पुढे घेतल्या की लिंगसमभाव, आणि गेटजवळ थांबलेले दोन पालक चौकटीत आले की लोकसहभाग. नळ तोच, तक्रारपेटीतला. आमचे तरुण शिक्षक ह्यात तरबेज आहेत, पण त्यातल्या एकीने मला विचारले, "सर, मी फोटो काढत होते तेव्हा मुलांना शिकवत कोण होतं, ह्याला काही मानक आहे का हो?" मी १२८ चाळून पाहिली. माझ्या नजरेला पडले नाही.

इंग्लंडात ह्याचीच दुसरी तऱ्हा. माझा एक भाचा तिकडे घर बघत होता. स्वयंपाकघर, पाण्याचा दाब, शेजारी कोण, असे काही त्याने विचारलेच नाही. आधी जवळच्या शाळेचा ऑफस्टेडचा अहवाल उघडला. १९९२ साली उभी राहिलेली ही तपासणी यंत्रणा शाळांचे अहवाल सगळ्यांना वाचायला खुले ठेवते, आणि चांगल्या शाळेभोवतालची घरे महाग होतात. निकाल चार श्रेणींपैकी एका शिक्क्यात असे. अख्ख्या शाळेला एक शिक्का. त्याचा मुख्याध्यापकांवर किती जीवघेणा ताण येतो ह्यावर तिथे पुष्कळ वाद झाला आणि २०२४ च्या सप्टेंबरात तो एकाच शिक्क्याचा निकाल बंद केला गेला. भाच्याने मला विचारले, "मामा, आपल्या शाळेचा रिपोर्ट कुठे मिळतो?" मी म्हटले, "कपाटात." एखाद्या बापाने शाळेत येऊन 'गेल्या तपासणीचा अहवाल दाखवा' म्हटले तर आमच्याकडे आधी त्याचा पक्ष विचारतील.

आणि दाखवला तरी त्याला त्यात काय मिळणार? आमच्या शेरेबुकात शाळेच्या सुरुवातीपासूनचे शेरे आहेत. पहिल्या पानांवरचे अक्षर टाकाचे, वळणदार: 'ग्रंथालयातील पुस्तकांचा लाभ विद्यार्थ्यांस द्यावा.' पुढे साहेब बदलतात, टाकाचे बॉलपेन होते, 'विद्यार्थ्यांस'चे 'विद्यार्थ्यांना' होते, मग टंकलेखन येते, मग संगणक. पुस्तके कपाटातच. ह्यात ग्रंथपालाचा आळस वगैरे काही नाही, साधा हिशेब आहे. पुस्तक हरवले तर पगारातून वसुली, आणि कुणीच वाचले नाही तर फक्त शेरा. कुणीही शहाणा माणूस शेरा पत्करेल. एका साहेबांनी ते कपाट उघडायला लावले होते. पुस्तके इतकी कोरी होती की त्यांनी 'पुस्तकांची निगा उत्तम' असा शेरा मारला. तेवढा एकच शेरा आम्ही झेरॉक्स काढून ग्रंथालयात लावला आहे.

अहवालासोबत पत्र असते: त्रुटींची पूर्तता करून पंधरा दिवसांत अहवाल सादर करावा. हे खाते भाऊसाहेबांचे. त्यांच्याकडे चार वाक्ये तयार असतात. नोंद घेतली आहे. कार्यवाही सुरू आहे. संस्थेकडे प्रस्ताव सादर केला आहे. निधी उपलब्ध होताच करण्यात येईल. शौचालयाच्या दारापुढे चौथे, कंपाउंडच्या भिंतीपुढे तिसरे, ग्रंथालयापुढे दुसरे. कोणत्या त्रुटीला कोणते वाक्य लागते ह्यात त्यांचा हातखंडा. मुख्याध्यापक येतात, निवृत्त होतात. भाऊसाहेब आणि ती चार वाक्ये जागेवर असतात.

नवे मुख्याध्यापक रुजू झाले त्याच महिन्यात पाकीट आले. बिचारे तरुण, कायद्याने चालणारे. त्यांनी दार ओढून घेतले आणि दोनच मिनिटांत उघडून भाऊसाहेबांना हाक मारली. चेहरा उतरलेला. "भाऊसाहेब, हे बघा. त्रुटी क्रमांक एक: मागील वर्षीच्या अहवालातील त्रुटींची पूर्तता केलेली आढळून आली नाही, तरी सात दिवसांत लेखी खुलासा करावा. मागच्या वर्षीचा अहवाल कुठंय आपला?"

भाऊसाहेबांनी आवक रजिस्टर आणले. मागच्या वर्षीचा अहवाल आलेलाच नव्हता. मग त्यांनी हातातले कागद उलटून पाहिले. तो होता. ह्याच पाकिटात, ह्याच अहवालाच्या मागे, टाचणी लावून.

"आता खुलासा काय लिहायचा?" मुख्याध्यापकांनी विचारले.

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला, दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, दोन्हींच्या डोक्यावरचा जावक क्रमांक बोटाने ताडून पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत कधी न पाहिलेले तेज आले.

"खुलासा नंतर लिहू, सर. दोन्ही पत्रांना जावक नंबर एकच पडलाय. म्हणजे त्यांच्या दप्तरात त्रुटी आहे. पूर्ततेसाठी आपण त्यांना सात दिवस देऊ."